पणजीची नथ, सासूबाईंची मुक्कुत्ती आणि आईची चमकी

प्रश्न: मी २८ वर्षांची असून डोंबिवलीला राहते. माझे लग्न सात आठवड्यांवर आले आहे. होणारे सासर माटुंग्याचे तमिळ कुटुंब आहे. माझे नाक टोचलेले नाही. आजीने मला तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, लग्नातली तारेची नथ दिली आहे. तिच्यात बारीक, किंचित पिवळसर मोती आणि मधोमध लाल खडा आहे. ती मुहूर्ताच्या वेळी घालता यावी म्हणून मी आता नाक टोचून घ्यावे, असे आजीला वाटते. सासूबाई म्हणतात की टोचायचेच असेल तर उजवीकडे टोच, कारण त्या मला हिऱ्याची मुक्कुत्ती, म्हणजे तमिळ पद्धतीची चमकी, देणार आहेत. आजीच्या मते डाव्या बाजूला शास्त्राचा आधार आहे आणि त्याने पुढे बाळंतपणही सोपे जाते. आमच्या सोनाराने नथ पाहून सांगितले की जुन्या मोत्यांना आता किंमत नाही, मोडून नवी चापाची करून घ्या. खोट्या कानातल्यांनी माझे कान नेहमी चिघळतात, त्याचीही भीती वाटते. शेवटची गोष्ट आईची. बाबा गेले तेव्हा, चार वर्षांपूर्वी, तिने नाकातली चमकी काढून ठेवली. माझ्या लग्नात तिने ती पुन्हा घालावी, अशी माझी फार इच्छा आहे. मामी म्हणतात की ते शोभणार नाही. मी काय करावे?

उत्तर: तुमच्या पत्रातील चार प्रश्नांपैकी ज्याला मुदत आहे, त्याचे उत्तर आधी देते. लग्नात पणजीची नथ घालण्यासाठी म्हणून आता नाक टोचून घेऊ नका. नाकपुडीचे भोक दोन-तीन आठवड्यांत वरून बरे झाल्यासारखे दिसते, परंतु आतली जखम पुरती भरायला साधारण चार ते सहा महिने लागतात. सात आठवड्यांच्या भोकात मोत्यांची जड नथ अडकवून दिवसभर विधी, फोटो आणि गळाभेटी पार पाडायच्या म्हटले, की अर्धवट भरलेली जखम ओढली जाणार, भोक खाली लांबणार आणि तिथे जंतुसंसर्गाची शक्यता वाढणार. ज्यांची नाके लहानपणीच टोचलेली असत, त्या बायकासुद्धा जड नथीला दोऱ्याचा किंवा साखळीचा आधार देऊन तिचा भार केसांवर घेत असत. टिहरी-गढवालच्या मोठ्या नथी किंवा राजस्थानातील नथी पाहिल्या तर ही साखळी सहज दिसते. तेव्हा लग्नात दाबाची, म्हणजे भोकाशिवाय चापाने नाकाला बसणारी, नथ घाला आणि नाक टोचायचे की नाही, हा निर्णय लग्नानंतर निवांतपणे घ्या. आपल्याकडे नथ हा मुळात सणासमारंभाचा दागिना आहे आणि रोजच्या वापराला चमकी, फुली किंवा मोरणी असते. त्यामुळे दाबाची नथ घालणाऱ्या नवरीच्या शृंगारात काही उणे राहिले, असे कोणी मानण्याचे कारण नाही. गौरींच्या मुखवट्यांनाही अनेक घरांत दाबाच्या नथी चढवल्या जातात आणि त्याने गौरींचा मान कमी होत नाही.

पुढे टोचून घ्यावेसे वाटलेच, तर कान चिघळण्याचा तुमचा अनुभव विसरू नका. स्वस्त दागिन्यांनी त्वचेला खाज सुटणे, पाणी सुटणे, लाल चकंदळे उठणे यामागे बहुतेक वेळा निकेल या धातूची ॲलर्जी असते. म्हणून टोचताना घालायचा पहिला दागिना शरीरात बसवण्याच्या दर्जाच्या टायटॅनियमचा किंवा निकेल नसलेल्या चांगल्या सोन्याचा असावा. पांढऱ्या सोन्यात काही वेळा निकेल मिसळलेले असते, त्यामुळे ते विकत घेण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. टोचण्याचे काम त्वचारोगतज्ज्ञाकडून, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून किंवा दरवेळी नवी निर्जंतुक सुई वापरणाऱ्या जाणकाराकडून करवून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्या आपली नाके-कान सोनारांनीच टोचले आणि त्यांच्या हातातील कसबाविषयी मला आदर आहे, पण ती सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली असली पाहिजे, एवढा आग्रह धरण्यात त्यांचा अवमान नाही. कान टोचण्याची बंदूक मात्र नाकाला लावू देऊ नका. तिच्यातील बोथट दांडी मांसाला छेदण्याऐवजी चिरडते आणि अशा अनेक बंदुका नीट निर्जंतुक करता येत नाहीत. नंतर दिवसातून दोनदा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने जागा स्वच्छ करणे पुरते. ताज्या जखमेत कडुलिंबाची काडी घालणे, हळद-तेल लावणे, दागिना सारखा फिरवत राहणे हे टाळावे. पू, ताप किंवा पसरत जाणारी सूज दिसली तर दागिना स्वतः काढू नये, कारण बाहेरचे तोंड मिटून पू आत अडकू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जुन्या जखमेच्या जागी तुमच्या अंगावर जाड, उंचावलेले व्रण उठत असतील, तर हेही टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

आता डावे आणि उजवे. आजी आणि सासूबाई दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघी आपल्या घरची रीत सांगत आहेत. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात. तमिळ घरांत उजव्या बाजूला महत्त्व आहे आणि अनेक स्त्रिया दोन्ही बाजू टोचून घेतात. गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या चेहऱ्यावरचे दोन्ही बाजूंचे हिरे आठवून पाहा. मात्र रीत आणि शास्त्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सोळा संस्कारांच्या प्रचलित यादीत कर्णवेध आहे, नाक टोचण्याचा संस्कार तिच्यात नाही. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याचा सविस्तर विधी आहे आणि कापलेले नाक पुन्हा घडवण्याची प्रसिद्ध शस्त्रक्रियाही आहे, म्हणून तिच्या नावावर नाकाच्या भोकाविषयीही बरेच काही खपवले जाते. डाव्या नाकपुडीला भोक पाडल्याने बाळंतपण सोपे होते, याला आधुनिक वैद्यकात कोणताही पुरावा नाही. आजीशी या मुद्द्यावर वाद घालण्याची गरज नाही, परंतु तुमचा निर्णय त्यावर बेतलेला नसावा.

इतिहासाकडे पाहिले तर हा हट्ट आणखी सैल होतो. अजिंठ्याच्या चित्रांत आणि वेरूळच्या शिल्पांत स्त्रियांच्या कानांत, गळ्यात, दंडांवर, कमरेला, पायांत दागिन्यांची रेलचेल आहे, पण नाक मोकळे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३० च्या दशकात नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला. नाकातला दागिना आपल्याकडे साधारण इ. स. १००० च्या सुमारास रूढ झाला असावा, अशा निष्कर्षाला ते आले. इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनीही प्राचीन शिल्पांतील मोकळ्या नाकांकडे लक्ष वेधले होते. पश्चिम आशियात हा दागिना त्याहून पुष्कळ जुना आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेकेच्या नाकात नथ घातल्याचा उल्लेख येतो. म्हणजे जी गोष्ट आज आपल्याला अनादी वाटते, ती कधीतरी नवी होती, ती बायकांना आवडली आणि प्रत्येक प्रांताने तिला आपला आकार दिला. उत्तरेत ती बुलाक होऊन दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यातून ओठांवर लोंबली, दक्षिणेत हिऱ्यांची बेसरी झाली आणि भरतनाट्यम करणाऱ्या नर्तकी आजही नथीबरोबर मधल्या पडद्याचा बुल्लाक्कु घालतात. सासूबाई ललितासहस्रनाम म्हणत असतील, तर त्यातले देवीचे ‘ताराकान्तितिरस्कारिनासाभरणभासुरा’ हे नाम त्यांना पाठ असेल. तारकेच्या तेजालाही मागे सारणाऱ्या नासाभरणाने, म्हणजे नाकातल्या दागिन्याने, ती झळकते, एवढे ते नाम सांगते. नाकाची बाजू त्यात सांगितलेली नाही.

तरीही बाजूबद्दल एक व्यवहाराची अडचण आहे आणि ती दोघींनाही पटेल अशी आहे. मराठी नथीला हात असतो. तिची तार, मोत्यांचा वळसा आणि दर्शनी बाजू डाव्या नाकपुडीचा हिशेब धरून घडवलेली असते, त्यामुळे ती उजवीकडे लावली तर वळण उलटे दिसते आणि नथ नीट बसत नाही. मुक्कुत्ती लहान आणि समतोल आकाराची असल्याने बहुधा कोणत्याही बाजूला शोभते. तेव्हा मुहूर्ताला दाबाची नथ डावीकडे असेल, हे सासूबाईंना आत्ताच प्रेमाने सांगून टाका. पुढे टोचून घ्याल तेव्हा उजवी बाजू त्यांच्या मुक्कुत्तीसाठी निवडलीत, तर डावी बाजू दाबाच्या नथीला मोकळी राहते आणि दोन्ही दागिने एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदतात. मला स्वतःला ही तडजोड फार सुंदर वाटते. पण टोचून घ्यायचेच नाही असे तुम्ही ठरवलेत, तर मुक्कुत्तीही दाबाची करवून घेता येते किंवा तिचे हिरे अंगठीत बसवता येतात. हिरे देणाऱ्या बाईला हे सांगण्यासाठी थोडे धैर्य लागेल, ते गोळा करा. तुमचे नाक या वाटाघाटीतील पहिली भेट ठरता कामा नये.

सोनाराच्या सल्ल्याविषयी मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. पणजीची नथ मोडू नका. तुमच्या वर्णनावरून ती जुन्या धाटणीची ब्राह्मणी किंवा पेशवाई नथ दिसते. दुकानांत आज ब्राह्मणी, पेशवाई, कारवारी, बानू अशी नावे सर्रास लावली जातात आणि त्यांच्या सीमा दुकानागणिक बदलतात, म्हणून नावावर फार विसंबू नये. महत्त्वाचे आहेत ते मोती. पणजीचे लग्न शतकभरापूर्वीचे असेल, तर हे मोती इराणच्या आखातातून काढलेले, ज्यांना आपण बसरा मोती म्हणतो ते, असण्याची बरीच शक्यता आहे. त्या काळी आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती. तिथे ते निवडले जात, विंधले जात आणि जगभर जात. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती मिळवले, १९२० च्या दशकात तसे मोती बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आणि नैसर्गिक मोत्यांचा व्यापार काही वर्षांतच कोसळला. पुढे आखातात खनिज तेल सापडल्यावर बुड्या मारून मोती काढणारे लोकही त्या धंद्यातून बाहेर पडले. म्हणून असे मोती आता नव्याने फारसे येत नाहीत आणि जुन्या दागिन्यांतूनच मिळतात. किंचित पिवळसर झाक, थोडा वेडावाकडा आकार, एकसारखे नसणे हे दोष समजून ते नाकारणारा माणूस नव्या, गोल, पांढऱ्याशुभ्र मोत्यांना सरावलेला असतो.

मोती नैसर्गिक आहेत की संवर्धित, हे रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणीने कळते. दातावर घासून पाहण्याची युक्ती फक्त खऱ्या मोत्याला नकली मण्यापासून वेगळे करते, नैसर्गिक आणि संवर्धित हे दोन्ही मोती दाताला खरखरीतच लागतात. तपासणीला देताना नथ मोडायला सांगू नका, आहे तशीच द्या आणि पावतीवर मोत्यांची संख्या व वजन लिहून घ्या. सोनाराकडे कोणताही जुना दागिना ठेवून येताना हाच नियम पाळावा आणि शक्य तर सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

ही नथ दाबाची करायची असेल, तर मूळ तार कापू न देता तिच्यावर बसेल असा वेगळा चाप करवून घ्या. जुने कारागीर तारेचे टोक सामावणारी बारीक सोन्याची नळी आणि तिला जोडलेला चाप बनवू शकतात. उद्या तुमच्या मुलीने किंवा नातीने नाक टोचले, तर चाप काढून तीच नथ पुन्हा तारेने घालता येईल. तार झिजलेली असेल तर मोती त्याच क्रमाने नव्या तारेत ओवून द्यायला सांगा आणि हे काम तुमच्यासमोर होत असेल तर उत्तम. एवढा चांगला कारागीर वेळेत मिळाला नाही, तर लग्नासाठी साधी दाबाची नथ विकत घ्या आणि पणजीची नथ आजीच्या हातून हळदीकुंकवाच्या तबकात ठेवून घ्या, घाईत तिच्यावर प्रयोग नकोत. नवी नथ किंवा चमकी सोन्याची घेत असाल तर हेही ध्यानात असू द्या, की दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे नाकातल्या लहान दागिन्यावर शिक्का नसणे बेकायदा ठरत नाही. अशा वेळी किती कॅरट आहे ते बिलावर लिहून घेणे हाच तुमचा आधार. मोत्यांची काळजी सोपी आहे. मोती आम्लाने, अत्तराने, केसांच्या फवाऱ्याने खराब होतात, म्हणून सगळा शृंगार आटोपल्यावर शेवटी नथ घालावी आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवावी, मऊ सुती कापडाने पुसावी आणि हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कापडात गुंडाळून ठेवावी.

आईची गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी लिहिली आहे, पण तुम्हाला ती सर्वांत आधी लिहावीशी वाटली असावी, असे वाचताना मला जाणवले. मामींचे म्हणणे नाकातला दागिना सौभाग्याचे लेणे आहे या समजुतीवर उभे आहे. ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे, हे मी नाकारत नाही. पण तिच्या बाजूने आणि विरुद्ध काय दिसते ते पाहा. आपल्याकडे मुलींची नाके पूर्वी कानांबरोबर लहानपणीच टोचली जात, नवऱ्याचा पत्ताही नसे तेव्हा. तमिळनाडूतही मुली लग्नाआधीच मुक्कुत्ती घालतात. आणि साऱ्या भारतात जिच्या नासाभरणाची कथा सर्वाधिक सांगितली जाते, ती कन्याकुमारीची देवी तर कुमारी आहे. तिच्या नथीच्या खड्याचे तेज दीपस्तंभाचे समजून जहाजे खडकांवर आदळत, म्हणून देवळाचा पूर्वेकडचा दरवाजा बंद ठेवतात, अशी ती आख्यायिका. जो दागिना लग्नाच्या कितीतरी आधी बाईच्या नाकात आला, तो नवऱ्याबरोबर जावा याला तर्काचा आधार नाही. तुमच्या आईची चमकीही बहुधा तुमच्या बाबांची ओळख होण्यापूर्वीची असेल. नक्की विचारा, कारण आईच्या तोंडून ती हकिगत निघाली तर कदाचित तिच्याच मनातली गाठ सैल होईल.

महाराष्ट्रात यावर उघड बोलणेही आता नवे नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. एका खेड्याने गावसभेत जे मान्य केले, ते तुमच्या घरातल्या एका खोलीत मान्य व्हायला हरकत नसावी.

मात्र, आणि हे मी काळजीने सांगते, ही इच्छा सध्या तुमची आहे, आईची आहे का ते अजून कळलेले नाही. चार वर्षांत तिने चमकी घातली नाही ती लोकांच्या भीतीने, की बाबांच्या आठवणीपोटी, की तिला आता ती नकोशीच झाली आहे, हे तिचे तिलाच ठाऊक. मामींचा नकार जसा तिच्या वतीने दिलेला आहे, तसा तुमचा होकारही तिच्या वतीने दिलेला होऊ नये. लग्नमंडपात, सर्वांसमोर, डोळ्यांत पाणी आणून तिच्या हातावर चमकी ठेवण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. तिथे तिला नाही म्हणता येणार नाही आणि हो म्हटले तरी ते खरे आहे की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तिला एकटीला, घरी, कामाच्या धबडग्यात नसताना विचारा. तिला घालावीशी वाटत असेल, तर लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालण्यापेक्षा आधी काही दिवस घरात घालू द्या, म्हणजे लोकांच्या नजरांची सवय थोडी थोडी होईल आणि मांडवात सगळ्यांचे लक्ष तिच्याच नाकाकडे जाणार नाही. नाही म्हणाली, तर दुसऱ्यांदा विचारू नका, पण मन बदलले तर चमकी कुठे आहे तेवढे सांगून ठेवा.

तिचे भोक चार वर्षांत अरुंद झाले असेल किंवा एका बाजूने बुजले असेल. जुनी चमकी जोर लावून खुपसू नका. डॉक्टरांकडून तपासून घ्या, भोक उघडे असेल तर बारीक तारेची चमकी सहज जाईल, बुजले असेल तर सध्या दाबाची चमकी घालता येईल. मामींना उत्तर द्यायचे काम आईवर टाकू नका. विषय निघालाच तर ते तुम्ही द्या, आणि आईने हो म्हटल्यावरच द्या: “मामी, आईला घालायची आहे, आणि मला ती हवी आहे.”